आधी सांगा, खवट की सादळलेलं?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांच्या मोठ्या जाऊबाई मिळून घरून छोटा व्यवसाय करतात. भाजलेला सुकामेवा, बियांचं मिश्रण, दळलेली पिठं आणि हल्ली हल्ली तेलात मुरवलेली लसूण असा त्यांचा माल. दीडेक महिना झाला की माल ‘शिळा लागतो’ अशी तक्रार काही गिऱ्हाइकांकडून यायला लागली. जाऊबाईंनी ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्यांचा मोठा गठ्ठा मागवला. त्यांचं म्हणणं, सगळ्या मालात एकेक पुडी टाकायची आणि पाकिटावरची मुदत दोन महिन्यांवरून सहा महिन्यांवर न्यायची. ताईंना दोन धास्ती आहेत. पुडीतलं रसायन खाण्यात उतरलं तर? आणि छापलेली तारीख खोटी ठरली तर? पण मोठ्या जावेला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नाही. ‘पुडी टाकू की नको, एवढंच सांगा,’ असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे.

ताई,

एवढंच सांगितलं असतं, पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडले. गिऱ्हाईक ‘शिळा’ म्हणालं. म्हणजे त्याला नेमकं काय लागलं? बिघडलेल्या खाण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची टंचाई नाही. खवट, सादळलेलं, कुबट, आंबूस. हे चारही शब्द आपण सर्रास अदलाबदल करून वापरतो, पण प्रत्येकामागचा चोर वेगळा आहे. जाऊबाईंनी मागवलेली पुडी त्यातल्या एकाला नीट पकडते, दुसऱ्याला अर्धवट, आणि बाकीच्या दोघांना ती ओळखतसुद्धा नाही.

खवट म्हणजे तेल बिघडलं. दाण्यातल्या आणि बियांतल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. सुरुवातीला काही कळत नाही. मग एका रेणूने दुसऱ्याला बिघडवायचं, त्याने तिसऱ्याला, अशी साखळी सुरू झाली की बघता बघता वास येतो. जुन्या रंगाच्या डब्याचा किंवा मेणाच्या खडूंच्या पेटीचा वास आठवा, तसा. अक्रोड आणि जवस यात सगळ्यात हळवे, कारण त्यांच्या तेलात ऑक्सिजनला पटकन सापडणारे दुवे जास्त असतात. बदाम त्या मानाने दमदार. ऊब आणि उजेड या दोघांनी हे काम आणखी वेगाने होतं.

सादळलेलं म्हणजे ओलावा शिरला. कुरकुरीतपणा गेला, दाणा दाताखाली चामट लागतो, पण वास चांगलाच असतो. हे पुन्हा मंद आचेवर परतलं की सुधारतं. खवट झालेलं मात्र परतून, भाजून, मीठमसाला चोळून कशानेच सुधारत नाही. सादळण्यावर ऑक्सिजनची पुडी काही करत नाही. त्यासाठी ओलावा टिपणारी सिलिका जेलची पुडी वेगळी मिळते. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून घोटाळा होतो.

कुबट म्हणजे बुरशी. तिला ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, त्यामुळे पुडी तिला रोखून धरते. पण मुळात बुरशी आली म्हणजे माल ओला होता हे आधी मान्य करावं लागेल. बुरशी दिसलेला दाण्यांचा किंवा सुकामेव्याचा माल निवडून, भाजून वापरू नका, तो टाकूनच द्या. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते घरच्या भाजण्याने जात नाही. आंबूस म्हणजे यीस्ट किंवा आंबवणारे जीवाणू. त्यांतल्या बऱ्याच जणांचं ऑक्सिजनवाचून काहीच अडत नाही, पाकीट फुगवून मोकळे होतात.

तर तक्रार आलेलं एखादं पाकीट परत मागवा. उघडल्या उघडल्या नाक खुपसू नका. मूठभर दाणे दोन्ही तळहातांत धरून मिनिटभर चोळा, उबेने वास मोकळा होतो. मग एक दाणा नीट चावून गिळा आणि थांबा. खवटपणा जिभेच्या शेंड्यावर कळत नाही, गिळल्यानंतर घशाशी मागे उरतो. तिथे काही उरलं नाही आणि दाणा नुसताच मऊ होता, तर हा पुड्यांचा गठ्ठा तुमच्या दुखण्यावरचं औषधच नाही.

समजा खवटच निघालं. भाजलेला सुकामेवा आणि बिया म्हटल्यावर ती शक्यता मोठी आहे. मग पुडी कामाची आहे, आणि तुमची पहिली धास्तीही इथेच मिटवू. या पुडीत मुख्यतः बारीक लोखंडाची भुकटी असते. सोबत थोडं मीठ, कोळसा आणि ओलावा धरून ठेवणारी एखादी खनिज पूड. लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं, एवढीच तिची करामत. जपानमध्ये मित्सुबिशी गॅस केमिकल या कंपनीने १९७७ साली ‘एजलेस’ नावाने ही पुडी बाजारात आणली आणि तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. पुडी नीट बसली तर पाकिटात तो ०.१ टक्क्याच्याही खाली जातो. ताजी पुडी उघड्यावर हातात धरून बघा, थोड्या वेळाने ती कोमट लागते. तो गंज चढतानाचा ताप.

म्हणजे खाण्यात उतरण्यासारखा कुठला वायू किंवा अर्क पुडीतून बाहेर पडत नाही. ती आत घेते, बाहेर देत नाही. तिचं कागदी आवरण मात्र फाटलेलं नसावं, आणि तेलकट मालासाठी तेल न शोषणाऱ्या आवरणाची पुडी घ्यावी. आवरणाची छिद्रं तेलाने बुजली की पुडी आतल्या आत गुदमरून बसते. पाकिटावर ठळक लिहा: ‘आतली पुडी खाऊ नका, पाकीट उघडल्यावर फेकून द्या.’ लहान मूल किंवा घरातला कुत्रा पुडी गिळू शकतो, घशात अडकू शकते. तसं झालं तर डॉक्टरांना विचारावं. पुडीसकट पाकीट मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही, लोखंड आहे ते.

इथपर्यंत मी जाऊबाईंच्या बाजूने होते. ‘सगळ्या मालात एकेक’ या वाक्यापाशी मात्र आमची फारकत होते.

त्यांच्या मनातला हिशोब असा दिसतो की ऑक्सिजन नासवतो, म्हणून ऑक्सिजन काढला की काही नासत नाही. त्यांना दोष देत नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ याच वाटेने गेले होते. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट लावून, त्या पाण्यात उकळून टिकवायची रीत १८१० साली पुस्तकात मांडली. ते का टिकतं हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. गे-लुसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्या बाटल्यांतली हवा तपासली, तिच्यात ऑक्सिजन सापडला नाही, आणि त्याने निकाल दिला की हेच टिकण्याचं कारण. पटण्यासारखंच होतं ते. पुढे पाश्चरने दाखवलं की खरा मामला सूक्ष्मजीवांचा आहे आणि उकळण्याने ते मरतात. वर १८६१ साली त्याला असे जीवाणू सापडले जे ऑक्सिजनशिवाय जगतात, उलट हवा लागली की मान टाकतात. तुमच्या जाऊबाई गे-लुसाकच्या बाजूने आहेत, एवढंच.

आणि म्हणूनच मला पिठांपेक्षा, सुकामेव्यापेक्षा, तुमच्या त्या तेलातल्या लसणीची काळजी वाटते. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलात. मी वाचताना तिथेच थबकले.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू मातीत राहतो. मातीत वाढणाऱ्या कंदांवर त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपलेली त्याची रूपं, असू शकतात; लसूण कितीही धुतली तरी ते गेले असं धरता येत नाही. त्याला वाढायला चार गोष्टी लागतात: ऑक्सिजन नसणं, ओलावा, आंबटपणा कमी म्हणजे पीएच ४.६ च्या वर, आणि खोलीतली साधी ऊब. तेलात बुडालेली लसणीची पाकळी म्हणजे या चारही गोष्टी एका बरणीत. पाकळीच्या आत पाणी आहे, आंबट ती नाही, आणि भोवतालच्या तेलाने हवा आधीच अडवली आहे. पुडी टाकली तर वरची उरलीसुरली हवाही काढून दिली. पुडी न टाकल्याने धोका टळतो असंही नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. ही बरणी कपाटात ठेवून विकणं हेच मुळात चुकीचं आहे.

लसूण तेलात उकळली होती, म्हणाल. साध्या उकळण्याने जीवाणू मरतात, बीजाणू तग धरतात. ते मारायला दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. आणि या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. आत्ताच मी तुम्हाला तळहातावर दाणे चोळून वास घ्यायला सांगितलं. इथे ती युक्ती साफ निकामी आहे, इथे चाखून बघायचं नाही. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. त्या मांसातूनच एमिल फान एर्मेन्गेम यांनी हा जीवाणू पहिल्यांदा वेगळा काढला. तेव्हा कुणाच्या हातात पुडी नव्हती. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं पुरेसं झालं.

तेव्हा ही लसूण आजपासून बंद. ज्यांनी ज्यांनी नेली असेल त्यांना एकेक करून फोन करा आणि न चाखता टाकून द्यायला सांगा. फोन करायला लाज वाटेल, तरी करा. कुणी ती खाल्ली असेल आणि त्याला दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, गिळायला किंवा बोलायला त्रास व्हायला लागला, तर वेळ न घालवता रुग्णालयात जायचं आणि काय खाल्लं ते सांगायचं, हेही त्याच फोनवर सांगा. घरच्यापुरती करायची तर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा. विकायचीच असेल तर आम्ल घालून पीएच ४.६ च्या खाली आणण्याची तपासलेली कृती लागते. ती अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या सल्ल्याने करायची, अंदाजाने लिंबू पिळून नाही. त्याहून सोपी वाट म्हणजे लसूण पूर्ण कोरडी करून भुकटी विकणं. तिच्यात ही पुडी खुशाल टाका.

हाच निकष बाकीच्या मालाला लावा. पुडी कोरड्या मालाची सोबती आहे, ओल्याची नव्हे. धान्य, पीठ, दाणे अशा साठवणीच्या पदार्थांत ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. मनुकांसारखी सुकी फळं त्याहून ओलसर असतात, पण त्यांच्यातलं पाणी साखरेने बांधून ठेवलेलं असतं, जीवाणूंच्या हाती लागत नाही. जीवाणूंच्या हाती लागणाऱ्या मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’. शुद्ध पाण्याची ती १ धरतात. बोट्युलिनमला वाढायला ती ०.९३ च्या आसपास किंवा वर लागते, मनुका ०.६ च्या जवळपास असतात. मऊ केक, ओलसर वड्या, वाफवलेलं काहीही असं पुढे विकायचं मनात असेल तर आधी हा आकडा प्रयोगशाळेत काढून घ्या. ताज्या भाज्या आणि फळांचा तर प्रश्नच नाही. ती तोडल्यावरही श्वास घेतात, ऑक्सिजन पूर्ण काढला की आतून आंबतात.

आता पाकीट. मला विचाराल तर सगळा खेळ इथे आहे आणि पत्रात तुम्ही पाकिटाबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. यावरून मी धरून चालते की साध्या पॉलिथिनच्या पिशव्या असणार. पॉलिथिन पाणी अडवतं, ऑक्सिजन नाही. साध्या पिशवीतून तो इतका आरामात आत येतो की १०० सीसीची पुडी काही दिवसांत पोट भरून बसते आणि त्यानंतर पाकिटात नुसती लोखंडी माती उरते. जाऊबाईंचा गठ्ठा अशा पिशव्यांत घालणं म्हणजे दारं-खिडक्या उघड्या टाकून खोली गार करायला बसणं. काचेची बरणी आणि रबरी कडा असलेलं घट्ट झाकण, धातूचा डबा, किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेलं जाड पाऊच, यांतलं काहीतरी हवं. चकचकीत दिसतं म्हणजे फॉइल आहे असंही नाही. धातूचा नुसता मुलामा दिलेली प्लॅस्टिकची पाऊचेसही तशीच चमकतात. ती पॉलिथिनपेक्षा कितीतरी चांगली, पण अख्ख्या फॉइलच्या तोडीची नाहीत. घेताना विक्रेत्याला थर कोणते ते विचारा आणि ऑक्सिजन किती शिरतो त्याचा आकडा मागा. आकडा देता येत नाही तो माल घेऊ नका.

ओढून बंद करायची जी पट्टी पाऊचला असते, ती उघडल्यानंतरच्या सोयीसाठी. तिच्या वर मशीनने उष्णतेचं सील मारलंच पाहिजे, आणि ते रुंद हवं. सील फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: भरताना पिठाचा किंवा मसाल्याचा कण, नाहीतर तेलाचा ओघळ सीलच्या जागी बसतो. तिथे केसाएवढी वाट राहते, डोळ्यांना दिसत नाही. भरताना कागदाचं नरसाळं करून आत उतरवा, सील मारण्याआधी ती पट्टी आतून कोरड्या फडक्याने पुसा. दर पंचवीस-तीस पाकिटांमागे एक रिकामं पाऊच थोडी हवा ठेवून सील करा, पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडा आला तर मशीनची पट्टी तपासायची वेळ झाली.

पुडी किती मोठी? पुडीवरचा आकडा ऑक्सिजनचा असतो, हवेचा नाही. १०० सीसीची पुडी म्हणजे साधारण ५०० सीसी हवेतला ऑक्सिजन. हिशोब करून बघा: एक लिटरची बरणी दाण्यांनी गळ्यापर्यंत भरली तरी दाण्यांच्या फटींत सुमारे ४०० सीसी हवा उरते. तिचे २१ टक्के म्हणजे ८४. तर या बरणीला १०० ची पुडी जेमतेम पुरते, झाकणाबद्दल थोडी शंका असेल तर वरच्या आकाराची घ्या. तुमच्या मालात किती हवा उरते ते मोजायला साधन लागत नाही. रिकाम्या बरणीत दाणे भरा, वरून मोजून पाणी ओता, जितकं मावलं तितकी हवा. (ते दाणे मग त्या दिवशीच खाऊन टाका.) अर्धं रिकामं पाकीट आणि मोठी पुडी यापेक्षा गच्च भरलेलं पाकीट आणि छोटी पुडी केव्हाही बरी.

पाकीट विटेसारखं कडक आवळलं गेलं नाही म्हणून घाबरू नका. पुडी हवेचा पाचवा हिस्साच खाते, बाकीचा नायट्रोजन जिथल्या तिथे राहतो. पाऊच जरा खपाटीला जातं, बरणीचं पत्र्याचं झाकण मधोमध किंचित खाली ओढलं जातं, बस. तेही लगेच नाही, एक-दोन दिवस लागतात. खात्रीच करायची असेल तर ऑक्सिजन दाखवणारी रंगाची गोळी मिळते. ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली गेला की ती गुलाबी होते, वाढला की निळी. प्रत्येक पाकिटात नको, प्रत्येक घाण्यामागे एखाद्यात टाका.

आणि तो गठ्ठा! एकदा फोडला की प्रत्येक पुडीचं घड्याळ सुरू होतं. मी स्वतः पहिल्यांदा आणल्या तेव्हा गठ्ठा कापला, चार वापरल्या, बाकीच्या कात्री आणि चिकटपट्टीसोबत खणात ठेवून दिल्या. महिन्याने त्या पुढच्या बरण्यांत मोठ्या विश्वासाने घातल्या. नंतर लक्षात आलं की पुड्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या. ताजी पुडी बोटांनी दाबली तर आत भुकटी सरकते. संपलेली गोठून घट्ट होते. ही परीक्षा जाऊबाईंनाही शिकवा. भरायचा माल, उघडी पाकिटं, तापलेलं मशीन सगळं तयार झाल्यावरच गठ्ठा फोडायचा, पंधरा-वीस मिनिटांत आटपायचं आणि उरलेल्या पुड्या लगेच एका लहान काचेच्या बरणीत गच्च बंद करायच्या. एकाच वेळी तीसहून जास्त पाकिटं भरत असाल तर लहान गठ्ठे मागवा. ऑक्सिजनची पुडी आणि सिलिका जेल एकाच पाकिटात कोंबू नका. लोखंडाला गंजायला ओलावा लागतो आणि सिलिका जेल तोच पळवते.

पिठांबद्दल थोडक्यात. कोंड्यासकटच्या पिठात तेल असतं आणि ते दोन रीतींनी बिघडतं. एक ऑक्सिजनने, ती पुडी थोपवते. दुसरी पिठातल्याच विकरांमुळे (एन्झाइम्समुळे), तिला ऑक्सिजन लागत नाही, तिथे पुडीचा इलाज नाही. म्हणून पिठांना सहा महिने विसरा, कमी दळा आणि लवकर विका. एक फायदा मात्र खरा आहे: ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली दोन-तीन आठवडे राहिला तर धान्यापिठातले किडे आणि अळ्या गुदमरून मरतात, औषध मारावं लागत नाही. साखर आणि मीठ विकत असाल तर त्यांत पुडी टाकू नका, त्यांना तिची गरजच नाही आणि साखरेचा खडा होऊन बसतो.

आता तुम्हालाच विचारायचे दोन-तीन प्रश्न, कारण दीड महिन्यात खवट होणं जरा लवकरच आहे. कच्चा सुकामेवा तुमच्याकडे येतो तेव्हा किती जुना असतो? पुडी पुढचं थांबवते, झालेलं उलटवत नाही. आधीच सुरू झालेला खवटपणा तुम्ही विकत घेऊन भाजत असाल तर पुड्यांचे ट्रक मागवूनही उपयोग नाही. भाजल्यावर किती वेळाने भरता? गरम भरलात तर आत वाफ धरते. रात्रभर परातीत उघडा ठेवलात तर भाजलेल्या दाण्याला ऑक्सिजन भेटायला अख्खी रात्र मिळते, आणि भाजलेला दाणा कच्च्यापेक्षा लवकर खवटतो. हाताला पूर्ण गार लागला की तासा-दोन तासांत भरलेला बरा. दुकानदार पाकिटं उन्हाच्या काचेत मांडतो का? आणि सगळ्यात साधं: पाकीट केवढं आहे? गिऱ्हाइकाने ते फोडलं त्या क्षणी पुडीचं काम संपलं. किलोचं पाकीट घेऊन महिनाभर रोज उघडझाप करणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे ‘शिळा’ म्हणूनच येणार. पाव किलोची चार पाकिटं ही तक्रार पुडीशिवायही बरीचशी मिटवतील.

राहिली तारीख. सहा महिने हा आकडा पुडीतून आलेला नाही, तो जाऊबाईंच्या मनातून आला आहे. तुमचं पाकीट, तुमचं सील, तुमचं भाजणं यांतून कुठली तारीख निघते ते फक्त तुमची पाकिटंच सांगतील. एकाच घाण्यातली वीस पाकिटं बाजूला काढा, दहांत पुडी, दहांत नाही. फ्रीजमध्ये नाही ठेवायची, स्वयंपाकघरातल्या उबदार फळीवर ठेवा, गिऱ्हाईक ठेवतं तशी. दर पंधरवड्याला प्रत्येक प्रकारचं एकेक फोडा. चार महिने टिकतं असं म्हणायला चार महिने थांबावं लागतं. थांबायचं नसेल तर जास्त तापमानात ठेवून अंदाज काढणारी चाचणी प्रयोगशाळेत होते. तोवर दोन महिनेच छापा. मुदत आणि घटकांबाबतचे तुमच्या भागातले अन्नसुरक्षेचे नियमही एकदा वाचून घ्या.

जाऊबाईंना नाही म्हणायची गरजच नाही, कारण त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. “वहिनी, सुकामेव्यात आणि बियांत पुड्या टाकूच, पाऊच मात्र बदलू या. तारीख पाकिटं सांगतील ती छापू.” लसणीचं मात्र आडवळणाने सांगू नका, ते स्पष्टच बोला. तिथे मान राखण्यापेक्षा गिऱ्हाइकांना फोन जाणं महत्त्वाचं.

आणि पंधरवड्याची वासाची परीक्षा त्यांनाच घेऊ द्या. तीन एकसारख्या वाट्या घ्या. दोन वाट्यांत एका प्रकारचे दाणे, तिसरीत दुसऱ्या प्रकारचे, कुठल्या कुठे ते तुम्हीच तेवढं चिठ्ठीवर लिहून ठेवा. कुठली वाटी वेगळी आहे एवढंच त्यांना विचारायचं, चांगली कुठली ते नाही. मग घरातल्या आणखी चार-पाच जणांना, एकमेकांशी न बोलता. बहुतेकांनी वेगळी वाटी ओळखली आणि मग चाखल्यावर बिनपुडीचेच दाणे खवट निघाले, तर गठ्ठा वसूल झाला. कुणालाच ओळखता आली नाही, तर अजून पंधरा दिवस थांबून पुढचं पाकीट फोडा.